रुपेरी पडद्यामागचे पाढे

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळी शेजारचा मुलगा पेढे घेऊन आला. गणितात तो काठावर पास झाला होता, पण चेहरा असा, की जणू बोर्डात आला आहे. "आजोबा, सुटलो एकदाचा!" तो म्हणाला. "आता आर्ट्सला जाणार आणि पुढं सिनेमात. गणिताचं तोंड पुन्हा बघायचं नाही." त्याच्या आईनं माझ्याकडं आशेनं पाहिलं. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस चार शब्द सुनावेल, अशी तिची अपेक्षा असावी. मी कादंबऱ्या लिहितो हे आमच्या सोसायटीत फारसं कुणाला ठाऊक नाही. पण बँकवाले आजोबा म्हणून लहानथोर ओळखतात आणि फाटक्या नोटेपासून चक्रवाढ व्याजापर्यंत सगळं विचारायला येतात.

मी काही सुनावलं नाही. पेढा खाल्ला आणि विचारलं, "चार दिवस शूटिंग बघायला येतोस का?"

माझी भाची मराठी चित्रपटांत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. "म्हणजे नक्की काय करते?" असं नातेवाईक अजूनही विचारतात. मी सांगतो, लग्नघरात एक माणूस असतो बघा. त्याच्या खिशात किल्ल्या असतात, त्याला आचारी, मांडववाला, बँडवाला आणि भटजी एकाच वेळी हाका मारतात आणि तो पंगतीला सगळ्यात शेवटी बसतो. तो माणूस म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर. लग्न एका दिवसात आटोपतं, हिचं मात्र महिनाभर रोज असतं आणि तेही ८५ माणसांचं. त्या वेळी तिचा मुक्काम वाईत होता आणि चित्रीकरण जवळच्याच एका गावात चाललं होतं. मी मुलाला घेऊन एसटीनं निघालो.

पोहोचलो त्या रात्री ती दुसऱ्या दिवसाचं कॉलशीट करत बसली होती. कॉलशीट म्हणजे कुणी किती वाजता कुठं हजर व्हायचं, त्याचा कागद. पहिला शॉट सकाळी सातला होता. मुलानं विचारलं, "मग सगळ्यांना साडेसहाला बोलवायचं ना, ताई?" तिनं त्याच्या हातात पेन्सिल दिली. "उलटा हिशेब कर. सातला शॉट. नायिकेला नऊवारी, अंबाडा, रंगभूषा मिळून दीड तास लागतो, म्हणजे साडेपाचला ती खुर्चीत हवी. त्याआधी नाश्त्याला अर्धा तास, म्हणजे पाच. लॉजपासून इथपर्यंत गाडीत बसून उतरेपर्यंत ३५ मिनिटं, म्हणजे चार पंचवीसला गाडी सुटणार. आंघोळ, आवराआवर पाऊण तास. मग उठायचं कधी?" मुलानं बोटांवर मोजून सांगितलं, "तीन चाळीस." "बरोबर. आणि पाचला ८५ माणसांना पोहे आणि चहा हवा असेल, तर आचारी कधी उठेल?" मुलगा गप्प झाला. शूटिंग सातला सुरू होतं असं आपल्याला वाटतं, पण कुणाची तरी चूल त्याआधी चार तास पेटलेली असते. वजाबाकी चुकली तर आचाऱ्याची झोप तरी बुडते, नाही तर ८५ जणांचा नाश्ता तरी.

दुसऱ्या दिवशी मावळतीचं एक दृश्य होतं. भाचीनं हात लांब केला, तळवा आपल्याकडं केला आणि डोंगराची कड आणि सूर्य यांच्यामध्ये चार बोटं आडवी धरली. "अर्धा तास आहे," ती म्हणाली. मुलाला ही जादू वाटली. पण त्यातही गणितच आहे. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकलेला दिसतो, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. लांब धरलेल्या हाताचं एक बोट साधारण दोन अंश झाकतं. म्हणजे एका बोटाला आठ मिनिटं आणि चार बोटांना बत्तीस. ती हसून म्हणाली, "परदेशी पुस्तकांत एका बोटाला पंधरा मिनिटं लिहिलेली असतात. सुरुवातीला मी तेच धरून चालायचे आणि दोनदा उजेड हातचा गेला." कारण सोपं आहे. उत्तरेकडच्या देशांत सूर्य तिरका तिरका, रेंगाळत मावळतो. आपल्याकडं तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. पुस्तकातलं सूत्र खरं होतं, पण ते आपल्या गावचं नव्हतं.

गावागावांतही फरक पडतोच. मुंबईच्या मानानं चंद्रपूर सव्वासहा-साडेसहा अंश पूर्वेला आहे. अंशाला ४ मिनिटं धरली तर तिकडचा सूर्य सुमारे २५ मिनिटं आधीच चालतो. घड्याळ मात्र दोन्हीकडं एकच. मुंबईच्या सूर्यास्ताची वेळ धरून विदर्भात संध्याकाळचं दृश्य लावणारा सहायक काळोखात उभा राहतो आणि त्याच्यामागं जनरेटरचं भाडं, गाड्यांचं भाडं आणि माणसांचे रोजही उभे राहतात. भूगोलाच्या पुस्तकातले रेखांश असे अचानक रुपयांत बोलू लागतात.

सिनेमातला सगळ्यात जुना हिशेब लांबीचा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं मावतात. बोलपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट, दोन तासांच्या सिनेमाला १०,८०० फूट. पण जे चित्रित होतं ते सगळंच पडद्यावर येत नाही. पाच फुटांतला एक फूट वापरला जातो असं धरलं, तर ५४,००० फूट फिल्म विकत घ्यावी लागायची. ४०० फुटांच्या डब्यांत ती मोजली, तर १३५ डबे. एक डबा साडेचार मिनिटंही पुरत नसे. नट संवाद विसरला की निर्मात्याला फुटांचे आकडे ऐकू येत.

आता फिल्म गेली आणि हार्डडिस्क आली. हिशेब कुठं गेला नाही, त्यानं फक्त कपडे बदलले. कॅमेरा तासाला ५०० जीबी भरत असेल आणि दिवसाला तीन तासांचं चित्रण होत असेल, तर रोज दीड टेराबाइट. मूळ आणि दोन प्रती मिळून साडेचार. अशा तीस दिवसांचं १३५ टेराबाइट. पूर्वी १३५ डबे होते, आता १३५ टेराबाइट आहेत. हा केवळ माझ्या उदाहरणातला योगायोग, पण मुलाला तो भलताच आवडला.

त्याला मग मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांना पैसे लावणारा माणूस हवा होता. त्याला पटावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करून अंकुर फुटून वेल वाढण्याचा प्रवास मिनिटभराच्या फिल्ममध्ये बसवला. त्या काळी साधारणपणे सेकंदाला १६ चित्रं धरत. म्हणजे मिनिटाला ९६०. ती तीस दिवसांवर वाटली तर दिवसाला सरासरी ३२. हा भागाकार मनाशी पक्का असल्याशिवाय वाटाणा पडद्यावर उगवत नाही.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट. आजच्या वेगानं चालवला तर तो ४१ मिनिटांत संपतो, सेकंदाला १६ चित्रांनी चालवला तर तासाभराचा होतो. त्याच्या लांबीविषयी वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात, त्यामागं हा साधा भागाकार आहे. आणखी एक गुणाकार करून पाहा. ३७०० फुटांत ५९,२०० चित्रं, प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं. एकूण ४,७३,६००. कोरी फिल्म भोकांशिवाय यायची आणि ही भोकं पाडण्याचं काम अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके करत. शिवाय साऱ्या चमूचा स्वयंपाक. पावणेपाच लाख भोकांचा हा आकडा मी मांडला, तेव्हा सरस्वतीबाईंविषयीचा माझा आदर नुसत्या विशेषणांनी कधी वाढला नव्हता तितका वाढला. आकड्यांना भावना नसतात असं म्हणणाऱ्यांनी कधीतरी असा एखादा गुणाकार करून पाहावा.

त्याच सरस्वतीबाईंचे दागिनेही सिनेमापायी गहाण पडले होते. इथं मला माझी एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे.

१९९४ साल. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. गावातले एक नाटकवेडे गृहस्थ सिनेमा काढायला निघाले होते. त्या काळी सिनेमाला बँका सहसा दारात उभं करत नसत. चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केंद्र सरकारनं केली ती १९९८ साली. त्यामुळं या गृहस्थांनी थोडी शेती विकली, थोडे नातेवाइकांकडून घेतले आणि उरलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या आणि गोठ घेऊन ते आमच्याकडं सोनेतारण कर्जाला आले. सोन्याचं वजन झालं, कस लागला, कर्ज मंजूर झालं. जाताना त्यांनी फुलस्केप कागदावर लिहिलेलं अंदाजपत्रक माझ्यासमोर ठेवलं. "साहेब, तुम्ही आकड्यांतली माणसं. एकदा नजर टाका."

मी टाकली. लाल पेन्सिलीनं सगळ्या रकान्यांच्या बेरजा तपासल्या. एकूण २२ लाख ४० हजार. "बेरीज बरोबर आहे," मी म्हणालो आणि चहा मागवला.

बेरीज बरोबरच होती. पण त्यात चित्रीकरण तीस दिवसांचं धरलं होतं, दिवसाला ४० हजार खर्चाचं, आणि ते मे महिन्याच्या मध्यावर सुरू होणार होतं. जूनमध्ये पाऊस आला. तिसांचे चव्वेचाळीस दिवस झाले. चौदा दिवसांचे ५ लाख ६० हजार कुठल्याच रकान्यात नव्हते. दरवर्षी बुडीत कर्जांसाठी तरतूद करणारा मी अधिकारी, पण "पाऊस कुठल्या रकान्यात धरलाय?" एवढा एक प्रश्न मला सुचला नाही. मी रुपये तपासले, दिवस तपासले नाहीत. सिनेमा कसाबसा पुरा झाला, पण लॅबोरेटरीचं बिल राहिलं. बिल चुकतं होईपर्यंत निगेटिव्ह त्यांच्याच ताब्यात राहायची, अशी त्या धंद्याची रीत. डबे तिथंच पडून राहिले. सोनेतारणाची मुदत एकदा वाढवून झाली, दुसऱ्यांदा वाढवता आली नाही. लिलावाच्या नोटिशीवर माझी सही होती. नियमात सगळं बसत होतं, पण त्या घरावरून जाताना मी पुढं बरेच दिवस रस्ता बदलायचो.

हे ऐकल्यावर भाचीनं तिचं अंदाजपत्रक उघडून दाखवलं. शेवटून दुसरी ओळ होती, 'आकस्मिक खर्च: १० टक्के'. "मामा, निर्माते आधी हीच ओळ खोडायला सांगतात," ती म्हणाली. "आणि मी आधी हीच वाचवते." तिनं दिवसांचा हिशेबही दाखवला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ अंदाज असतो. ११० पानं, दिवसाला चार, म्हणजे २८ दिवस. आपल्या शाळेतल्या एकमान पद्धतीनं हे उत्तर पूर्ण गुणांचं. पण पटकथेत एक ओळ असते, 'वाड्यासमोरून वरात जाते.' पानाचा आठवा भागही नाही. आणि तिला घोडा, बँड, दोनशे माणसं आणि अख्खा दिवस लागतो. चार पानांचं नवराबायकोचं भांडण मात्र एका खोलीत अर्ध्या दिवसात संपतं. म्हणून ती प्रत्येक पानाचे आठ भाग करते आणि एकेका तुकड्याला वेगळा वेळ लावते. एकमान पद्धत यायला हवीच, पण ती कुठं लावायची नाही हेही कळायला हवं. शाळेत आपण पहिली गोष्ट शिकवतो आणि दुसरी आयुष्यावर सोडून देतो.

दुपारी जेवताना मुलानं विचारलं, "पण ताई, सिनेमा चालला की सगळं भरून निघतं ना?" तिनं कागदी रुमालावर हिशेब मांडला. समज, सिनेमाला जाहिरात धरून तीन कोटी लागले. तिकीट ११८ रुपयांचं. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के कर आहे. मुलानं मोबाइलवर ११८ चे १८ टक्के काढले, २१ रुपये २४ पैसे. "थांब," ती म्हणाली. "कर ११८ मध्ये आधीच मिसळलाय. १.१८ नं भाग. कर १८, उरले १००. त्यातले साधारण निम्मे थिएटरचे. उरले ५०. त्यावर वितरकाचं दहा टक्के कमिशन धर. उरले ४५. आता तीन कोटींना ४५ नं भाग." उत्तर आलं ६ लाख ६६ हजार ६६७ तिकिटं. अडीचशे खुर्च्यांच्या थिएटरात २,६६७ हाउसफुल्ल खेळ. टीव्ही, ओटीटी, शासनाचं अनुदान मिळालं तर ते वेगळं, आणि थिएटरचा वाटाही ठरावाप्रमाणं कमीजास्त. पण मुलानं रुमाल घडी करून खिशात ठेवला. 'अमक्या सिनेमानं इतके कोटी कमावले' अशी बातमी तो यापुढं जरा सावकाश वाचेल.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री मात्र जे घडलं, त्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला.

रात्री साडेनऊला रोकड जुळवणं चाललं होतं. व्हाउचरांची बेरीज झाली, पेटीतले पैसे मोजले आणि पेटीत २७० रुपये जास्त निघाले. दिवसभर उन्हात राबलेली माणसं. कुणीतरी म्हणालं, "जास्तच आहेत ना? कमी तर नाहीत? उद्या बघू." भाची उठली नाही. म्हणाली, "पेटीत जास्त आहेत म्हणजे कुणाच्या तरी हातात कमी पडलेत."

बँकेत हे वाक्य मला माझ्या पहिल्या हेडकॅशियरांनी ऐकवलं होतं. कमी आलेली रोकड आपल्या खिशातून भरता येते, जास्त आलेली मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून आलेली असते. आणि त्यांनीच आणखी एक गोष्ट शिकवली होती. फरकाला नऊनं भाग जात असेल, तर दोन शेजारचे आकडे उलटसुलट झालेत का ते आधी बघावं. मी मुलाला म्हणालो, "२७० चे अंक मिळव." दोन आणि सात नऊ. "मग आता अशी रक्कम शोध, की जिचे अंक उलटले तर २७० चा फरक पडेल."

व्हाउचरांचा गठ्ठा घेऊन तो जमिनीवर बसला. गणिताचं तोंड न बघण्याची प्रतिज्ञा केलेला हा मुलगा वीसेक मिनिटं मान वर न करता बसला होता. मग त्यानं एक कागद काढला. गावातल्या एका बाईंकडून दुपारी भाकऱ्या घेतल्या होत्या. ६३ भाकऱ्या, दहा रुपयांप्रमाणं ६३० रुपये. व्हाउचर ६३० चं, खाली थरथरत्या अक्षरातली सही. पैसे देणाऱ्या पोराला फोन लावला. त्यानं घाईत आकडा उलटा वाचला होता आणि बाईंच्या हातावर ३६० रुपये ठेवले होते.

भाचीनं चप्पल घातली. "सकाळी देऊ," असं मीच म्हणालो. ती म्हणाली, "मामा, पहाटे आपण दुसऱ्या गावाला चाललोय." आम्ही तिघं टॉर्च घेऊन निघालो. बाई ओट्यावर बसल्या होत्या. २७० रुपये हातात घेऊन त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "कमी दिले तेव्हा बोलला का नाहीत, मावशी?" असं भाचीनं विचारलं. त्या म्हणाल्या, "म्या म्हनलं, तुमच्यात काय तरी कापून घेत आसतील."

त्या वाक्यानंतर आमच्यापैकी कुणी फारसं बोललं नाही.

आपल्याकडं हिशेबी माणूस हा शब्द अजून थोड्या कमीपणानं वापरला जातो, आणि कलेच्या प्रांतात तर जास्तच. हिशेब म्हणजे चिकटपणा, कलावंत म्हणजे उधळा, अशी आपली सोयीची समजूत. पण सिनेमाच्या सेटवर बेहिशेबी माणूस स्वतःचं फार थोडं उधळतो. तो आचाऱ्याची झोप उधळतो, कामगारांचे रोज बुडवतो, घरातल्या पाटल्या घालवतो. ज्यांच्या मुलांना या धंद्यात जायचंय त्या आईबापांनी त्यांना अडवू नये. फक्त एक महिना घराचा खर्च त्यांच्या हाती सोपवावा. दूधवाला, वाणी, वीजबिल, आजोबांची औषधं आणि अवचित आलेले चार पाहुणे. महिनाअखेर पेटीत काय उरलं ते विचारावंच, पण कुणाचं द्यायचं राहिलं का, तेही विचारावं. आणि चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांनीही कॅमेऱ्याच्या आधी नाही तरी कॅमेऱ्याबरोबर, व्हाउचर कसं लिहितात ते शिकवावं.

परतीच्या एसटीत मुलगा खिडकीशी बसला होता. त्याला गणित आवडायला लागलं असं मी म्हणणार नाही, चार दिवसांत असं काही होत नसतं. खंबाटकी घाट ओलांडल्यावर त्यानं एकदम विचारलं, "आजोबा, त्या पोरानं उलट वाचून जास्त दिले असते, तर त्या मावशींनी परत आणून दिले असते का?"

"बहुतेक रात्रीच आणून दिले असते," मी म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मोबाइल काढून कसलीशी बेरीज करू लागला. मी विचारलं नाही.